शाळा आपण निवडतो, की शाळा आपल्याला?



आजचा विषय जाहीर झाल्यावर काही जणांनी विचारलं, 'नाशिकमधल्या पहिल्या दहा शाळांची यादी देणार का?' तशी यादी आम्ही देणार नाही. याद्या हव्या तेवढ्या मिळतात, आणि त्यातल्या बऱ्याचशा जाहिरातीच असतात. आम्ही सात-आठ जण महिन्यातून एकदा एकत्र बसून एखादं पुस्तक, नाटक किंवा चित्रपट घेऊन बोलत असतो. यंदा दिवाळीनंतर आमच्यातल्या दोन घरांत नर्सरीच्या प्रवेशाची गडबड सुरू झाली आणि बैठकीच्या टेबलावर पुस्तकांऐवजी शाळांची माहितीपत्रकं यायला लागली. मग आम्ही ठरवलं, हीच वाचू. कविता वाचतो, नाटक वाचतो, तसंच नीट वाचू. काय लिहिलंय ते बघू, आणि काय लिहिलेलं नाही तेही बघू. त्या वाचनातून जे हाती आलं ते आज तुमच्यापुढे ठेवतो. कोणत्याही शाळेचं नाव घेणार नाही. एका शाळेचा हा प्रश्नच नाही.

माहितीपत्रकाचं व्याकरण

गंगापूर रोड घ्या, इंदिरानगर घ्या, पाथर्डी फाटा घ्या. डिसेंबर-जानेवारीत चौकाचौकांत फलक लागतात. त्यावर चार वर्षांचं मूल असतं, डोक्यावर पदवीदान समारंभाची काळी टोपी. शब्द ठरलेले : इंटरनॅशनल, ग्लोबल, टेक्नो, होलिस्टिक. आतल्या पानांवर जलतरण तलाव, घोडेस्वारी, वातानुकूलित वर्ग, जीपीएस लावलेली बस आणि पालकांना मोबाइलवर दिसणारा कॅमेरा.

यात खोटं काही नसेलही. तलाव असतो, घोडाही असतो. आमचं लक्ष वेधलं ते वाक्यांच्या रचनेनं. 'विद्यार्थ्यांचा सर्वांगीण विकास साधला जातो.' 'प्रत्येक मुलाकडे वैयक्तिक लक्ष दिलं जातं.' 'मूल्यांची रुजवणूक केली जाते.' सगळा कर्मणी प्रयोग. साधला जातो, दिलं जातं, केली जाते. कोण करतं? कर्ता कुठेच नाही. संस्थेच्या अध्यक्षांचा फोटो पानभर आणि त्यांचं मनोगतही पानभर. पण पहिलीच्या वर्गाला कोण शिकवतं, त्या बाईंचं शिक्षण काय, त्या या शाळेत किती वर्षं आहेत, याबद्दल एक ओळ सापडली नाही. इमारतीचं क्षेत्रफळ दिलेलं असतं, शिक्षकाचं नाव नसतं.

हे सहज राहून गेलेलं नाही. विनाअनुदानित शाळांमध्ये बऱ्याच ठिकाणी शिक्षक करारावर असतात, पगार तुटपुंजे असतात आणि माणसं दोन वर्षांत बदलतात. नाव छापलं तर पुढच्या वर्षी पत्रक बदलावं लागेल. इमारत बदलत नाही, म्हणून इमारत छापतात.

आता दुसरी गोष्ट. या पत्रकांमध्ये शिकवण्याबद्दल फारसं नाही, मग विकलं काय जातं? आपण पालक शाळा बघायला जातो तेव्हा एकमेकांना एक प्रश्न हमखास विचारतो : 'तिथे मुलं कोणती येतात?' बघा, किती साधा प्रश्न वाटतो! पण त्यात सगळं आलं. कोणत्या कॉलनीतली, कोणत्या जातीची, बापाची नोकरी काय, घरात बोली कोणती. तोंडानं 'जात' म्हणायची गरज नाही, 'क्राउड कसा आहे' म्हटलं की भागतं. शाळा आपल्याला शिक्षण विकते असं आपण समजतो. प्रत्यक्षात आपण शेजार विकत घेतो. भरमसाट शुल्कातला मोठा हिस्सा त्या शेजाराची किंमत असतो, आणि शेजार निवडक राहावा म्हणून शाळेनं दारात गाळणी लावलेली आपल्याला चालते. आपलं मूल त्या गाळणीतून आत गेलं की आपण पेढे वाटतो.

आमचं म्हणणं एवढंच आहे की ही गाळणी हाच मूळ दोष आहे. शाळेची परीक्षा घ्यायची असेल तर तिनं निवडलेल्या मुलांकडे बघून काही कळत नाही. जे मूल तिनं आपणहून कधीच निवडलं नसतं, त्याच्याशी ती कशी वागते ते बघावं लागतं.

'हिंदी मीडियम' काय दाखवतो आणि कुठे थांबतो

या विषयावर अलीकडे सगळ्यात जास्त बघितला गेलेला चित्रपट म्हणजे २०१७ चा 'हिंदी मीडियम'. दिग्दर्शक साकेत चौधरी. इरफान खाननं केलेला राज बत्रा हा दिल्लीच्या चांदनी चौकातला कपड्यांचा दुकानदार. पैसा आहे, इंग्रजी नाही. मुलगी पिया मोठ्या शाळेत जावी म्हणून नवरा-बायको वस्ती बदलतात, सल्लागार गाठतात, मुलाखतीची तालीम करतात. काही जमत नाही, तेव्हा गरीब असल्याचं सोंग घेऊन शिक्षणहक्क कायद्याच्या राखीव जागेसाठी अर्ज करतात. शेजारचा श्यामप्रकाश, दीपक डोब्रियालनं केलेला, खरा गरीब. तो यांना जिवाभावानं मदत करतो. सोडतीत पियाचा नंबर लागतो आणि श्यामच्या मुलाचा लागत नाही.

चित्रपट इथपर्यंत उत्तम आहे. मुलाखतीच्या तालमीचे प्रसंग बघताना आपण हसतो, कारण ती तालीम आपल्या घरातही चालते. बालवाडीतल्या मुलाला 'व्हॉट इज युअर फादर?' असं विचारायचं आणि बापानं बाजूला उभं राहून ओठ हलवायचे, हे नाशिकलाही घडतं. आणि श्रीमंतानं सोंग घेऊन गरिबाची जागा खाल्ली, ही चोरी चित्रपट ठणकावून सांगतो.

पण शेवट बघा. राजला उपरती होते, तो एका सरकारी शाळेला पैसे देतो, शाळा सुधारते, तिथली मुलं इंग्रजीत बोलायला लागतात. मोठ्या शाळेच्या समारंभात राज कबुली देतो, टाळी एकटी बायको वाजवते आणि मग पिया सरकारी शाळेत जाते. आमची तक्रार या ठिकाणी आहे. सरकारी शाळा चांगली झाली ती एका शेठजीच्या देणगीमुळे आणि ती चांगली झाल्याचा पुरावा काय, तर मुलं इंग्रजी बोलली! म्हणजे ज्या मोजपट्टीनं राजला हिणवलं होतं तीच चित्रपटानं शेवटी हातात घेतली. आणि दोन तासांच्या चित्रपटात लक्षात राहील असा एकही वर्गशिक्षक नाही. माहितीपत्रकात नाही तसाच. राखीव जागेवर आत गेलेलं मूल त्या मोठ्या शाळेत पुढे कसं जगतं, हा खरा प्रश्न तर चित्रपटानं दारातच सोडून दिला.

कायद्याच्या मते शाळेनं मूल निवडायचंच नाही

२००९ चा शिक्षणहक्क कायदा आपण '२५ टक्क्यांचा कायदा' म्हणून ओळखतो. त्याचं तेरावं कलम मात्र फारसं कोणी वाचत नाही. प्रवेशासाठी देणगी घ्यायची नाही, आणि मुलाची किंवा आई-बापाची चाळणी परीक्षा घ्यायची नाही. घेतली तर पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि त्यानंतर प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड. चाळणी म्हणजे काय, तेही कायद्यानं सांगून ठेवलंय : सोडतीखेरीज कोणत्याही पद्धतीनं एका मुलाला डावलून दुसऱ्याला घेणं. म्हणजे जागा कमी आणि मुलं जास्त झाली तर चिठ्ठ्या टाका. हुशार कोण, चुणचुणीत कोण, कोणाची आई इंग्रजी बोलते, हे बघायचंच नाही. आपण ज्याला 'इंटरॅक्शन' म्हणतो, ती बहुतेक वेळा चाळणीच असते.

मग ही पद्धत चालते कशी? कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे आणि शाळा जागा भरतात नर्सरीला, तिसऱ्या-चौथ्या वर्षी. पहिलीपर्यंत वर्ग भरलेला असतो. शिवाय अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना सर्वोच्च न्यायालयानं २०१४ च्या निकालात या कायद्यातून वगळलं. आपण पालकही तक्रार करत नाही, कारण मूल आत घ्यायचं असतं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्य सरकारनं नियम बदलला. खासगी विनाअनुदानित शाळेच्या एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल, तर त्या खासगी शाळेला २५ टक्के जागा देण्यातून सूट. शहरात एक किलोमीटरमध्ये महापालिकेची किंवा अनुदानित शाळा नाही अशी जागा शोधावी लागेल! म्हणजे शहरापुरती ती तरतूद जवळजवळ संपलीच होती. १९ जुलै २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयानं तो बदल रद्द केला आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यात हस्तक्षेप करायला नकार दिला. हे सगळं चाललं होतं तेव्हा शुल्क भरणारे आपण पालक कुठे होतो? आपल्याला तो प्रश्न आपला वाटलाच नाही. तो 'त्यांचा' प्रश्न होता.

संस्थाचालकांची बाजूही सांगितली पाहिजे. या मुलांच्या शुल्काची सरकारकडून मिळायची रक्कम वर्षानुवर्षं थकते, ही त्यांची तक्रार खोटी नाही. पण थकबाकी सरकारकडे असते आणि राग मात्र काही ठिकाणी मुलावर निघतो. वह्या-पुस्तकं, गणवेश, सहल, स्नेहसंमेलन यांतून ते मूल हळूच बाजूला पडतं. म्हणून शाळा बघायला जाल तेव्हा एवढं विचारा : 'आरटीईतून आलेली मुलं कोणत्या तुकडीत बसतात? सहलीला येतात का?' उत्तरापेक्षा उत्तर देताना समोरच्याचा चेहरा बघा.

शिक्षकाचं नाव

आपल्याच गावातला एक जुना दाखला घेऊ. प्रा. वसंत कानेटकर आपल्या हंप्राठा कॉलेजात शिकवायचे. १९६६ साली त्यांचं 'अश्रूंची झाली फुले' रंगभूमीवर आलं. प्रभाकर पणशीकरांचा विद्यानंद आणि काशिनाथ घाणेकरांचा लाल्या. आपल्याला लाल्या आठवतो, टाळ्या त्यालाच पडायच्या. पण नाटकाचा कणा आहे विद्यानंद. सरळमार्गी प्राचार्य, संस्थेच्या पैशात गडबड करू देत नाही, म्हणून त्यालाच अफरातफरीत अडकवतात आणि तुरुंगात धाडतात. नाटक भडक आहे, योगायोग भरपूर आहेत, शिक्षकाला देव आणि मग दानव करण्याचा मोह कानेटकरांना आवरलेला नाही. तरी एक गोष्ट मानावी लागते. संस्थाचालक शिक्षणाचा धंदा करतील हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, आणि त्या धंद्याला आडवा येणारा माणूस शिक्षकच असेल हेही. पन्नास वर्षांनी चित्रपट आला तेव्हा धंदा तसाच होता, मध्यभागी पालक आला होता, आणि आडवा येणारा शिक्षक मात्र गोष्टीतून गेला होता.

प्रत्यक्षात तो गेलेला नाही. इथून तासा-दोन तासांवर त्र्यंबकेश्वर तालुक्यात हिवाळी नावाचा आदिवासी पाडा आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचं नाव तुम्ही ऐकलं असेल. शाळा वर्षभर चालते, दिवसाचे बरेच तास चालते, मुलं दोन्ही हातांनी लिहितात. दोन हातांनी लिहिण्याचे व्हिडिओ खूप फिरले, आणि आम्हाला त्याचं फार कौतुक नाही. तेही एका अर्थी प्रदर्शनच. कौतुक वेगळ्याच गोष्टीचं आहे. त्या शाळेचं नाव निघालं की सोबत शिक्षकाचं नाव निघतं, केशव गावित. तो माणूस तिथे टिकून राहिला आणि पाड्यावरचं जे मूल येईल त्याला त्यानं शिकवलं. जिल्हा परिषदेच्या शाळेला मूल निवडता येत नाही. आता तुमच्या माहितीतल्या सगळ्यात महागड्या शाळेतल्या एका शिक्षकाचं नाव आठवून बघा. अध्यक्षांचं आठवेल.

शंभर टक्के निकाल

फलकावरचा शेवटचा शब्द : 'दहावीचा निकाल १०० टक्के.' हे वाक्य सगळ्यात सावधपणे वाचायला हवं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा २००२ चा 'दहावी फ' आठवा. गुणांप्रमाणे तुकड्या पाडलेल्या, आणि 'फ' म्हणजे वाया गेलेली पोरं. ती चिडतात, शाळेत मोडतोड करतात, आणि अतुल कुलकर्णीनं केलेले देशमुख सर त्यांना हाकलायच्या ऐवजी नुकसानभरपाई कष्टानं उभी करायला लावतात. त्या शाळेत अन्याय होता, पण एक गोष्ट होती : 'फ' तुकडी शाळेच्या आत होती. बोट दाखवता येत होतं.

आज शंभर टक्क्यांच्या शाळेत 'फ' तुकडी नसते. ती कुठे गेली? नववीत पालकांना बोलावून सांगितलं जातं, 'तुमच्या मुलाला झेपणार नाही, दाखला घेऊन जा.' किंवा सांगतात, 'सतरा नंबरचा फॉर्म भरा, बाहेरून बसवा.' मूल बाहेर गेलं, निकाल शंभर झाला. तेव्हा निकाल विचारू नका. विचारायचं तर हे विचारा : पाचवीत जेवढी मुलं होती, त्यांतली दहावीला किती उरली? मधे गेली ती कुठे गेली? शाळेनं एकदा निवडलेलं मूल नावडतं झालं की ती काय करते, ते इथे कळतं. आणि लक्षात ठेवा, ते मूल आपलंही असू शकतं. नर्सरीत चुणचुणीत असलेलं मूल नववीत अडखळतं. गाळणी दोन्ही दारांना असते.

इंग्रजीचं काय?

आता तुम्ही म्हणाल, कुसुमाग्रजांच्या गावात येऊन हे मराठी शाळांचं गुणगान करणार. तसं नाही. २७ फेब्रुवारीला मराठीवर भाषण करून घरी जाऊन नातवाचा इंग्रजी निबंध तपासणारे लोक पुष्कळ आहेत. इंग्रजीमुळे दारं उघडतात हे अंबडच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या बापाला आपल्यापेक्षा जास्त कळतं, कारण त्याला ती बंद दिसलेली असतात. त्यानं पोटाला चिमटा काढून मूल इंग्रजी शाळेत घातलं तर त्याला नावं ठेवायचा आम्हाला अधिकार नाही. पण त्याला एक विचारावंसं वाटतं : त्या शाळेत शिकवणाऱ्या बाईंना स्वतःला इंग्रजी येतं का? मुलाला समजलं नाही तर ते कोणत्या भाषेत विचारू शकतं? विचारल्यावर दंड होत असेल तर तिथे ना इंग्रजी येईल, ना गणित. आणि मराठी माध्यमातही आपल्याच नाशिकात 'आनंद निकेतन'सारखी प्रयोगशील शाळा उभी राहिली आहे. माध्यमावरून शाळा चांगली की वाईट ठरत नाही.

पालकांना हातात काय आहे

शेवटचा मुद्दा शुल्काचा. शुल्क वाढलं की आपण व्हॉट्सअ‍ॅपवर चिडतो. पण २०११ चा महाराष्ट्राचा शुल्क नियमन कायदा आहे. प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ आणि त्याची कार्यकारी समिती लागते. त्यात प्रत्येक इयत्तेचा एक पालक असतो आणि इच्छुकांतून तो सोडतीनं घ्यायचा असतो. शुल्काचा प्रस्ताव व्यवस्थापनानं या समितीपुढे सहा महिने आधी ठेवायचा, आणि एकदा ठरलेलं शुल्क दोन शैक्षणिक वर्षं बांधील. २०१८ च्या दुरुस्तीनंतर शाळेतले २५ टक्के पालक एकत्र आले तर विभागीय समितीकडे दाद मागता येते. म्हणून प्रवेश घेण्याआधी विचारा : 'कार्यकारी समितीची यादी कुठे लावली आहे? मागच्या सभेचं इतिवृत्त बघायला मिळेल का?' ज्या शाळेला हा प्रश्न उद्धट वाटतो, तिथे तुम्ही पालक नसाल, ग्राहक असाल. ग्राहकाला फार तर दुकान बदलता येतं, आणि मुलाचा दाखला काढून दुकान बदलणं किती अवघड असतं ते आपल्याला माहीत आहे.

एवढं बोलून थांबतो. काही प्रश्न असतील तर घेऊ.

*(श्रोत्यांमधून एका ताईंचा प्रश्न : हे सगळं पटतं, पण आम्हाला पुढच्या महिन्यात प्रवेश घ्यायचाय. नेमकं करायचं काय?)*

ताई, प्रश्न अगदी रास्त आहे. तीन कामं करा. पहिलं, शाळेचा अकरा आकडी युडायस क्रमांक आणि मंडळाचा संलग्नता क्रमांक मागून घ्या, तो खरा आहे का ते तपासा. 'सीबीएसई पॅटर्न' म्हणजे सीबीएसई नव्हे. दुसरं, शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर अर्धा तास उभं राहा. बसवाल्या मावशी मुलांशी कशा बोलतात ते ऐका, आणि शाळेनं दाखवलेली सोडून एखाद्या साध्या मुलाची वही बघायला मागा. बाईंनी चूक दुरुस्त करून दिली आहे की नुसती लाल खूण केली आहे, ते कळेल. तिसरं, शक्यतो घराजवळची शाळा घ्या. द्वारकेच्या नाहीतर मुंबई नाक्याच्या कोंडीत रोज दोन वेळा अडकलेलं मूल घोडेस्वारी करून काय करणार?

*(आणखी एका काकांचा प्रश्न : आरटीईची मुलं वर्गात असली तर आमच्या मुलांचं नुकसान होत नाही का?)*

काका, तुम्ही मोकळेपणानं विचारलंत, बरं झालं. बरेच जण मनात ठेवतात. अडखळणाऱ्या मुलाला समजेपर्यंत शिकवणारा शिक्षक ज्या वर्गात आहे, त्या वर्गात तुमच्या नातवाचंही भलं होतं, कारण एखादा धडा अडला की तोही अडखळणाराच असतो. आणि ज्या वर्गात अडखळणाऱ्याला बाजूला काढतात, तिथे आज दुसऱ्याचं मूल बाजूला निघेल. उद्याचं कोणी सांगावं?